तीन बहिणी, एक होडी आणि मन्या

स्पॅनिश भाषेशी आमचा संबंध आला तो बारकीच्या चष्म्यामुळे. म्हणजे तो चष्मा ती वाणगावला घरी विसरून आली होती, त्यामुळे. टीव्हीवरच्या सिनेमांच्या यादीत, एका चित्रात तिला तीन बायका टेबलाभोवती बसून, तोंडावर हात ठेवून हसताना दिसल्या आणि ती म्हणाली, हा विनोदी आहे, हाच लावू. चष्मा असता तर तिला दिसलं असतं की त्यातली एक रडत होती आणि बाकीच्या दोघी आता काय करावं ते न सुचून तोंडावर हात धरून बसल्या होत्या.

बारकी ही माझी धाकटी बहीण. पन्नाशीला टेकली तरी तिचं नाव बारकीच राहिलंय. नवऱ्याबरोबर वाणगावला ढोबळी मिरची पिकवते आणि जगातल्या कुठल्याही गोष्टीवर पटकन रडते. मी मधली. तलासरीला एका शाळेत इंग्रजी शिकवते. आणि आमच्या दोघींच्या वर ताई. ताईने लग्न केलं नाही. चिखल्याला आमचं माहेरचं घर आहे, मागे चिकूची वाडी, थोडी भातशेती. वडील लवकर गेले, तेव्हापासून हे सगळं ताई आणि आई बघायच्या. मग आईला अर्धांगाचा झटका आला आणि वाडीबरोबर आईलाही ताईच बघायला लागली.

आई भरल्या वयात गेली. गेल्यावर भेटायला आलेला प्रत्येक जण म्हणायचा की सुटली बिचारी. ताईला हे ऐकून राग यायचा. ती माझ्याजवळ म्हणाली होती की आई काही अडकलेली नव्हती, मजेत होती. ते खरंही होतं. आईचा उजवा हात गेला होता पण जीभ शाबूत होती. खाटेवर पडल्या पडल्या ती वाडीतल्या प्रत्येक झाडाची चौकशी करायची, येणाऱ्याजाणाऱ्याची नक्कल करायची आणि ताईने केलेल्या आमटीला नावं ठेवायची. एकदा डॉक्टरांनी विचारलं, आजी, काही त्रास? तर म्हणाली, या मुलीच्या हातचं मीठ.

तर आईचं वर्षश्राद्ध झालं, पाहुणे पांगले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी घरात आम्ही तिघीच उरलो. वर्षभरात असं झालं नव्हतं. एरवी आम्ही भेटायचो तेव्हा कोणी ना कोणी सोबत असायचं, काही ना काही काम असायचं. आता कामं संपली होती. पातेली घासून पालथी घातली होती. तिघी आईच्या खोलीबाहेरच्या पडवीत बसलो आणि बोलायला काहीच सुचेना. मिरचीचा भाव बोलून झाला. माझ्या शाळेचं बोलून झालं. आईचं नाव कोणी काढत नव्हतं. म्हणून बारकीने टीव्ही लावला.

सुरुवातीला पडद्यावर समुद्र दिसला, पांढऱ्या भिंती, एक चर्च. बारकी म्हणाली, हे दमण आहे, मी ओळखलं. मग बायका बोलायला लागल्या आणि ते दमण नाही हे तिलाही कळलं. भाषा भरभर पळणारी, ताशासारखी वाजणारी. खाली इंग्रजी अक्षरं येत होती. मी म्हटलं, हा स्पॅनिश आहे, बदला. बारकी रिमोट शोधायला लागली. तेवढ्यात ताई म्हणाली, "राहू दे. मधले, तू वाच ना, काय म्हणतात त्या."

मी वाचायला लागले. आयुष्यभर मुलांना इंग्रजीचं मराठी करून सांगितलं, पण हे काम फार अवघड निघालं. अक्षरं येतात आणि जातात, मध्ये थांबून धडा समजावता येत नाही. शिवाय ताई कडक परीक्षक. पडद्यावरची बाई हात नाचवून बराच वेळ बोलली आणि मी सांगितलं, ती नाही म्हणते. ताई लगेच म्हणाली की एवढं बोलली ती आणि तू नुसतं नाही सांगतेस, मधलं कुठे गेलं? मग मी मधलं माझ्या मनाने घालायला लागले. थोड्या वेळात त्या तिघी स्पॅनिश बायका आमच्या चिखल्याच्या भाषेत भांडायला लागल्या.

गोष्ट साधी होती. तिघी बहिणी, मासेमारीच्या गावातल्या. त्यांचे वडील वारलेत. त्यांची एक जुनी होडी आहे, ती विकायची म्हणून तिघी जमल्यात. गिऱ्हाईक रोज येतं आणि रोज कोणीतरी एक बहीण काहीतरी कारण काढून त्याला परत पाठवते. विकायची तर आहे, पण आज नको.

बराच वेळ ताई टक लावून बघत होती. मग तिने मला थांबवलं.

"हा मन्या कोण आहे? सारखं त्याचं नाव घेतात, पण तो दिसत कसा नाही?"

मला आधी कळेचना. मग पुढच्या वाक्याला मी कान दिला आणि हसू आवरेना. त्या बायका दर दोन वाक्यांनी "मन्याना, मन्याना" म्हणत होत्या. म्हणजे उद्या. होडी उद्या विकू, गिऱ्हाइकाला उद्या भेटू, त्याचं उद्या बघू. मी हे सांगितल्यावर बारकी खाटेवर आडवी होऊन हसली. ताईही हसली, पण लगेच गंभीर होऊन म्हणाली की बरोबरच आहे, सगळी कामं मन्यावर टाकली तर होणार कशी. त्या दिवसापासून आमच्या घरात मन्या आला तो आलाच. बारकीचा नवरा डोळे तपासायचं पुढे ढकलतो तेव्हा ती म्हणते, मन्यावर सोडलंय ह्यांनी.

हसत हसत आम्ही बघत होतो आणि मग तो प्रसंग आला. त्या चित्रपटातली थोरली बहीण सकाळी एकटीच किनाऱ्यावर जाते. होडीत पाणी साचलेलं असतं. ती डब्याने ते पाणी उपसते, फडक्याने फळ्या पुसते, दोर नीट गुंडाळून ठेवते. होडी समुद्रात जाणार नसते. तरी रोज ती हे करते. त्या प्रसंगात कोणी बोलत नव्हतं, त्यामुळे मला सांगायला काही नव्हतं.

ताई म्हणाली, "मी पण करते असं."

आम्ही तिच्याकडे बघितलं. तिची नजर टीव्हीवरच होती.

"आईचा मऊ भात. तिच्या छोट्या पातेल्यात. रोज टाकते."

बारकीने हळूच विचारलं की मग तू खातेस तो? ताई म्हणाली, छे, मला कुठे आवडतो तो गिळगिळीत भात. कुत्र्याला घालते.

तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला. वाडीवरचा कुत्रा वर्षभरात इतका फुगला होता की चिकूच्या दोन करंड्यांमधून त्याला निघता यायचं नाही. आम्हाला वाटत होतं म्हातारा झाला म्हणून सुस्तावलाय. तो रोज तूप घातलेला मऊ भात खात होता. ताईने पुढे शांतपणे सांगितलं की तूप नाही घातलं तर तो ताटलीकडे बघून आईसारखंच तोंड करतो.

बारकीला हसायचं होतं की रडायचं, ते ठरत नव्हतं. दोन्ही एकदम झालं. मग तिने तिचंही सांगितलं. आई असताना ती रोज संध्याकाळी आईच्या मोबाइलवर फोन करायची. आई गेल्यावरही तिने फोन करणं थांबवलं नाही. रोज त्याच वेळेला, त्याच नंबरवर ती फोन करते आणि ताई उचलते. ताईचा स्वतःचा वेगळा फोन आहे. दोघींनी एकमेकींना कधी विचारलं नाही की तू या नंबरवर का करतेस आणि तू तो चार्ज करून का ठेवतेस. उचलायचं आणि मिरचीचं बोलायचं.

मला वाटलं आता माझी पाळी. माझ्याकडे सांगण्यासारखं एवढं नव्हतं. तलासरीच्या दुकानात गेले की मी अजून आईच्या आवडीची खारी बिस्किटं घेते आणि वर्गात मुलांना वाटते, एवढंच. मुलांना वाटतं बाईंचा वाढदिवस फार वेळा येतो.

चित्रपट पुढे चालूच होता, पण आता कोणी मला वाच म्हणत नव्हतं. आणि नेमकी लाईट गेली. पंखा थांबला, पडदा काळा झाला. गिऱ्हाईक दारात उभं होतं आणि धाकटी बहीण दार उघडायला निघाली होती, तिथे सगळं अडकलं.

लाईट येण्याची आम्ही वाट बघितली. बारकीला चैन पडेना. ती म्हणाली की शेवट आपणच ठरवू. तिचा शेवट तिने तयारच ठेवला होता. परदेशात गेलेला कोणी भाऊ येतो, तोच होडी विकत घेतो, तिघींना मिठीत घेतो आणि जाता जाता धाकटीचं लग्नही ठरतं. मी म्हटलं, एवढी वर्षं भाऊ दिसला नाही तो आता कुठून येतो. माझ्या मते ती होडी गावातल्या शाळेच्या आवारात ठेवतात, रंग देऊन, वडिलांच्या नावाची पाटी लावून. बारकी मला म्हणाली, अक्का, तू शाळेतून कधीच बाहेर येऊ नकोस.

मग आम्ही ताईला विचारलं. तिला मुळीच विचार करावा लागला नाही.

"थोरली होडी विकत नाही. वल्हं घेते आणि जाते निघून."

"एकटी?" बारकीने विचारलं.

"हो. एकटीच."

"कुठे?"

"ते तिला तरी कुठे ठाऊक. किनारा दिसेनासा होईपर्यंत जायचं, मग बघायचं."

"आणि घर?"

"घराला कुलूप."

"आणि बहिणी?"

"त्यांच्याकडे किल्ली. त्यांना काय हात नाहीत?"

वाडीत खाली पडलेल्या चिकूवर माश्या घोंगावत होत्या, तो आवाज ऐकू यायला लागला. बारकी ताईच्या खाटेजवळ सरकली.

"ताई, तुला जायचंय का?"

ताईने पदराने चेहरा पुसला. घाम होता की काय, मला दिसलं नाही.

"जायचंय असं नाही," ती म्हणाली. "पण राहायचंय का, हे मला कधी कोणी विचारलं नाही."

आम्ही खरंच विचारलं नव्हतं. वडील गेले तेव्हा नाही, आई आजारी पडली तेव्हा नाही, आई गेल्यावरही नाही. वाईट हेतूने नव्हे. ताई चिखल्याला असते हे आम्हाला समुद्र चिखल्याला असतो तसं वाटायचं. बारकीला लगेच रडू फुटलं आणि रडता रडता ती म्हणाली की मग मी दिवाळीला कुठे येऊ? ताईला हसू आलं. तिने बारकीच्या डोक्यावर टपली मारली आणि म्हणाली, किल्ली तुझ्याचकडे असणार ना वेडे, येशील तेव्हा उघडशील.

चहा होईपर्यंत लाईट आली. पण त्या दिवशी कोणालाच पुढे बघायचं नव्हतं. उरलेला चित्रपट आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी बघितला. शेवट तिघींपैकी कोणाचाच बरोबर निघाला नाही. त्या बहिणी होडी ओढून अंगणात आणतात, पालथी ठेवतात आणि तिच्याखाली कोंबड्या पाळतात. मग तिघी टेबलाभोवती बसून मासे खातात आणि सिनेमा संपतो. ताई फार नाराज झाली. कोंबड्यांसाठी एवढं रडल्या का, म्हणाली. मग टीव्ही बंद करून ती उठली, कपाटातून तिची पिशवी काढली आणि साड्या भरायला लागली. मला म्हणाली, मी तुझ्याबरोबर येते तलासरीला, आत्ताच. मन्यावर टाकत नाही.

बारकी तिथेच राहिली. वाडी तिने बघायची आणि सुट्टीच्या दिवशी मी यायचं असं ठरलं. वाडीत कामाला असलेलं जोडपं जुनं होतं, त्यामुळे झाडांची काळजी नव्हती. काळजी बारकीची होती. मिरचीची शेती करणाऱ्या बाईला चिकू काढणं काय अवघड, असं तिला वाटत होतं. बांबूच्या काठीला जाळी लावून फळ कसं अलगद पाडायचं हे बघायला तिने उत्साहाने वर मान केली आणि पहिलाच चिकू तिच्या कपाळावर आला. टेंगूळ इतकं आलं की वाणगावहून नवरा बघायला आला. कुत्र्याचा भात तिने पहिल्याच दिवशी बंद केला. त्याने दोन दिवस पडवीत बसून निषेध केला, मग भाकरी खायला लागला. आता तो परत करंड्यांमधून जाऊ शकतो.

इकडे ताईने माझ्या घरी आल्या आल्या स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. डबे इकडचे तिकडे झाले. माझे यजमान फार कमी बोलणारे, पण त्यांनीही एकदा साखर कुठे गेली याची चौकशी केली. मग डबे लावून झाले, माळा झाडून झाला, आणि ताईकडे करायला काही उरलं नाही. ती नुसती बसायला लागली. दुपारी झोपायला लागली. आमच्या ताईला दुपारी झोपलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. ती लांबच्या प्रवासाहून आल्यासारखी झोपायची आणि मी शाळेतून आले तरी उठायची नाही.

एका सुट्टीच्या दिवशी मी तिला उधव्याच्या बाजारात घेऊन गेले. तिथे एका माणसाने जमिनीवर प्लास्टिक अंथरून चादरी मांडल्या होत्या. ताईने एक मऊ, निळी शाल उचलली, गालाला लावून बघितली, धागा ओढून बघितला आणि घासाघीस सुरू केली. भाव तिच्या मनासारखा झाला. आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, "हिवाळ्यात आईच्या पायांवर घालायला..." आणि वाक्य तिथेच राहिलं.

ती उभ्या उभ्या रडायला लागली. भर बाजारात, आवाज करून. वर्षभर न रडलेली ताई. शेजारी सुके बोंबील विकणारी बाई होती. तिने काही न विचारता आपली टोपली बाजूला सरकवली, गोणपाट झटकलं आणि ताईला हाताला धरून बसवलं. मग गिऱ्हाइकांशी बोलत, बोंबील मोजत, मधूनमधून ती ताईच्या पाठीवर हात फिरवत राहिली. मी पाणी आणायला धावले. परत आले तोवर ताईचे डोळे पुसून झाले होते आणि ती त्या बाईला सांगत होती की आमची आई बोंबील कसे भाजायची. शाल तिने घेतलीच. घरी आल्यावर स्वतःच्या पायांवर घालून बसली.

त्या बाजारानंतर ती बदलली, असं मी म्हणेन. दुपारची झोप कमी झाली. माझ्या शेजारी एक गुजराती कुटुंब राहतं. त्यातली बेन ताईच्याच वयाची, नवरा गेलेला, दोन्ही मुलं सुरतेला. तिच्याकडे स्कूटी होती आणि बोलायला माणूस नव्हतं. ताईकडे वेळ होता. एके दिवशी शाळेतून येताना मला मैदानावर दोघी दिसल्या. ताई पुढे, पदर कमरेला खोचलेला, दोन्ही पाय जमिनीला टेकवून स्कूटी चालवत, नव्हे चालत नेत होती. मागे बेन बसली होती आणि "धीमे, धीमे" म्हणत होती, खरं तर त्याहून हळू जाणं शक्यच नव्हतं.

ताई पडली. एकदा कुंपणात गेली, एकदा एका म्हशीने तिला अडवलं तेव्हा तिने ब्रेकऐवजी हॉर्न दाबला आणि म्हैस हलली नाही. पण ती शिकली. शिकताना तिची भाषाही खिचडी झाली. मला म्हणायची, "मधले, आज मी एकदम सीधी गेले, वळी पण गेले." संध्याकाळी ती आईच्या मोबाइलवर फोन लावायची. तो चिखल्याला बारकीजवळ होता. मग बारकी उचलायची आणि ताई तिला आज कुठपर्यंत गेले ते सांगायची. बारकी तिला चिकूचं सांगायची. मी शेजारी वह्या तपासत ऐकत बसायचे.

मग बेनने द्वारकेचा बेत काढला. वापीहून गाडी होती, बेनचे नातेवाईक तिकडे होते. ताईने मला विचारलं नाही, सांगितलं. जाताना माझी मोठी बॅग घेऊन गेली आणि आली तेव्हा ती बॅग पेढे, चादरी आणि शिंपल्यांनी भरलेली होती. मी तिला चिडवलं की आयुष्यभर समुद्राकाठी राहिलीस आणि बाहेर पडलीस तर पुन्हा समुद्रच बघायला गेलीस. ती म्हणाली की तो वेगळा आहे. मी विचारलं, कसा? तिने थोडा विचार केला.

"तिथे मला कोणी ओळखत नव्हतं," ती म्हणाली. "सकाळी उठून मी घाटावर बसले तर कोणी विचारलं नाही, आई कशी गेली, चिकू कसा आहे. मीच बेनला म्हटलं, आमच्या चिकूपुढे इथला काहीच नाही."

मला कळलं की ती आता परत जाणार. पण तिने ते आपण होऊन सांगावं म्हणून मी गप्प राहिले. दोन दिवसांनी तिने सांगितलं. चिखल्याला राहायचं, पण जुन्यासारखं नाही. महिन्यातले काही दिवस घराला कुलूप लागणार. ते कधी, हे ती ठरवणार. तेव्हा वाडी बारकीने आणि मी बघायची. आईच्या खोलीत ती स्वतः झोपणार, कारण वारा तिथेच येतो, आणि आईने ती खोली उगाच नाही धरून ठेवली होती.

ती गेली ती स्कूटीवरून. स्वतःच्या नव्या, लाल स्कूटीवरून. मागे मी बसले होते. तलासरीहून निघालो, हायवे ओलांडताना मी डोळे मिटले आणि ते चिखल्याची सुरूची झाडं दिसेपर्यंत पूर्ण उघडले नाहीत. ताई मात्र रस्ताभर बोलत होती, प्रत्येक खड्ड्याची आगाऊ सूचना देत होती आणि प्रत्येक खड्ड्यात जात होती. दारात बारकी उभी होती. कपाळावरचं टेंगूळ उतरलं होतं. तिने आम्हाला ओवाळायचं तबक आणलं होतं, पण स्कूटी दारात न थांबता सरळ माडाच्या आळ्यात गेली, त्यामुळे ओवाळणं तिथेच झालं.

आता आईला जाऊन दोन वर्षं होऊन गेलीत. यंदा तिथीला सकाळी ताईने नैवेद्य केला, आम्ही तिघी जेवलो. मीठ जास्त झालं होतं आणि कोणीतरी ते बोलून दाखवायला हवं म्हणून बारकीने आईच्या आवाजात बोलून दाखवलं. ताईला इतकं हसू आलं की घास अडकला. दुपारी ऊन उतरल्यावर ताई म्हणाली, डहाणूला जाऊ या, समुद्रावर. मी म्हटलं, इथे काय नदी आहे? ती म्हणाली की तिथे गोळेवाला असतो.

तिघी एका स्कूटीवर मावत नाही, म्हणून बारकी आणि मी रिक्षाने गेलो. ताई आधी पोचून वाट बघत होती. समुद्र ओहोटीला लागला होता, पोरं ओल्या वाळूत क्रिकेट खेळत होती. आम्ही बांधावर ओळीने बसलो. बारकीने गुलाबाचा गोळा घेतला, मी लिंबाचा. ताईने काला खट्टा घेतला, तोही जादा सरबत मारून. पहिल्याच घोटाला तिच्या पांढऱ्या साडीवर जांभळा ओघळ आला. मी रुमाल पुढे केला. तिने तो घेतला नाही, म्हणाली, आधी हा संपवू दे, वितळतोय.